दहा मिनिटांची घंटी

हो, मीच बोलतेय, वाचनालयातली पितळी घंटी. दचकू नका, आज वाजणार नाही.

तापलेलं पितळ साच्यात निवलं, कारागिराने टिचकी मारली आणि माझ्याच आवाजाने मला जाग आली. "गुणाची आहे पोर," तो म्हणाला. तेव्हापासून आवाज लांब तरंगत जायचा आणि मी अर्धवट झोपेत त्याच्या मागे मागे.

पुढे ग्रंथपालबाईंनी मला इथे आणलं. वक्तृत्व स्पर्धेत वेळ संपली की बाई माझ्या डोक्यावरची कळ दाबायच्या. भले भले वक्ते माझ्यापुढे गप्प व्हायचे. खोटं कशाला सांगू, मला मिजासच चढली होती.

मग एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात बारा म्हातारी माणसं आली. साठ वर्षांपूर्वी, ती लहान असताना, सरकारने त्यांना 'सुधारायला' म्हणून आईबापांपासून उचलून नेलं आणि वसतिगृहात कोंडलं होतं. आज ती आपली हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगणार होती. बाईंनी सवयीप्रमाणे प्रत्येकाला दहा मिनिटं दिली. पहिल्या तिघांनी लवकरच आटोपतं घेतलं.

चौथ्या होत्या शिवणकाम करणाऱ्या एक आजी. त्यांची लेक पहिल्या रांगेत बसली होती. आईने घरी या विषयाचं कधी अवाक्षरही काढलं नव्हतं. पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं आणि आजींच्या संथ आवाजात सगळं सभागृह पाण्याखाली गेल्यासारखं वाटत होतं.

"माझी धाकटी बहीण त्या सकाळी म्हणाली, ताई..."

बाईंचं बोट सवयीने माझ्या डोक्यावर पडलं. मी वाजले.

आजी ताडकन उठल्या. हात अंगाला चिकटलेले, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले.

"अहो, बसा ना, वाक्य तरी पुरं करा," बाई म्हणाल्या. आजी हलेनात.

मागून एक आजोबा हळूच म्हणाले, "बाई, घंटा झाली की आम्हाला असंच उभं राहायला लागायचं. तोंड उघडलं की मार." बोलणारे तेही उभेच होते. बाराच्या बारा जण उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लेक वर आली. तिने मला उचलून आईच्या हातात दिलं आणि आईची बोटं माझ्याभोवती मिटवली.

"आई, आता नाही वाजणार ही. सांग, काय म्हणाली मावशी?"

'मावशी' हा शब्द लेक पहिल्यांदाच उच्चारत होती. आजी सावकाश बसल्या.

"म्हणाली, ताई, थांब ना, मला उठवत नाहीये. अंगात ताप होता गं तिच्या. पण घंटा झाली होती. मी रांगेत जाऊन उभी राहिले. परत आले तर खाट रिकामी. तिचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही."

मग त्या कितीतरी वेळ बोलत राहिल्या. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही. त्यांच्या घामेजल्या तळहातात मी सगळं ऐकलं.

आता मी टेबलाच्या खणात असते. बाईंनीच ठेवलं, आणि बरं केलं. सभा दर रविवारी भरते, एका रविवारी एकच माणूस बोलतं. लाकडातून आवाज माझ्यापर्यंत येतात आणि मी त्यांच्यावर तरंगत पडून राहते.

मागून बोललेले ते आजोबा मात्र आपला रविवार यायच्या आत गेले. त्यांच्यावर काय गुदरलं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. म्हणून विनवते, मला खणातच राहू द्या. तुम्ही मात्र सांगायला, ऐकायला लवकर या.