दिवस कुठून मोजायचे?

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे आणि स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. तुमसरच्या एका दुकानातून मी बपेऱ्याच्या रस्त्यावरच्या एका ग्रामपंचायतीत आलो. माझ्या पोटात तीन रबरी पट्टे आहेत, दिवसाचा, महिन्याचा आणि वर्षाचा. वर्षाच्या पट्ट्यावर दोन हजार आठ ते एकोणीस एवढेच आकडे. आपलं आयुष्य किती, हे मला जन्मापासून ठाऊक होतं. म्हणून एखादा दिवस वाया गेला की माझा जीव खालीवर होई.

आणि दिवस वायाच जात. मी टेबलाच्या खणात पडून असे, टाचण्यांच्या डबीशेजारी. बाहेर रोजगार हमीचं काम मागायला बायका येत, कारण धान कापून झालं की गावात हाताला काम नसे. नियम सोपा होता. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेरोजगारी भत्ता. मात्र ते दिवस तारीख पडलेल्या पावतीपासून मोजायचे. आणि बोलावणं आल्यावर कामावर गेलं नाही, तर हक्क गेला. आता तारीख टाकणारा मीच. पण मला बाहेर काढणार कोण?

कामाची मागणी लिहून घेणारा रोजगार सेवक धनीराम गावचाच, कुणाचा भाचा, कुणाचा दीर. बायका दारातूनच म्हणत, "धनीराम, आमाले काम पायजे गा." तो म्हणे, "लिहून घेतो काकी, जा तुमी." झालं. आपल्याच पोराकडे पावती मागायची म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, असं गाव मानत असे. धनीराम वाईट नव्हता, पण आज लिहू, उद्या लिहू करता करता त्याची वही कोरीच राही.

एका उन्हाळ्यात शकुनबाई आणि तिच्यासोबतच्या अकरा जणी दीड महिना रिकाम्या बसल्या. शकुनबाईच्या नवऱ्याचा पाय मोडलेला, घरात कमावणारे तिचेच दोन हात. त्या भत्ता मागायला तालुक्याला गेल्या. तिथल्या साहेबांनी एकच विचारलं, पावती कुठे आहे? कागदाच्या लेखी त्यांनी काम मागितलंच नव्हतं. परत आल्यावर शकुनबाई पंचायतीच्या पायरीवर बसून रिकामे गेलेले दिवस बोटांवर मोजू लागली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

पुढच्या फेब्रुवारीत ती बारा अर्ज घेऊन थेट टेबलापाशी आली.

"पावती दे बाबू, शिक्का मारून."

"काहून काकी, माह्यावर भरोसा नाही का?"

"तुह्यावर हाये. पण तालुक्यात तुहा भरोसा चालत नाही. त्यायले कागद लागते."

धनीरामनं खाली मान घालून खण उघडला. मला पॅडवर टेकवलं आणि पहिल्या पावतीवर दाबलं. पण माझ्यावर सहा महिन्यांपूर्वीची तारीख होती. अर्जावर एक तारीख आणि पावतीवर भलतीच, असा कागद कोण मानणार? मला तर बोलताही येईना.

शकुनबाईनं पावती डोळ्यांजवळ नेली.

"आज अठरा फेब्रुवारी हाये बाबू. ह्यावर ऑगस्ट काहून पडला?"

धनीराम ओशाळला. त्यानं पट्टे फिरवले. ते कुरकुरले, पण फिरले. मग मी बारा पावत्यांवर ठसठशीत उमटलो.

त्यानंतरचा एकेक दिवस मी मोजला. आता धनीरामलाही चैन नव्हती. पंधरावा दिवस उलटला असता तर जबाब त्यालाच द्यावा लागला असता. त्यानं तालुक्याला चार खेपा घातल्या. तेराव्या दिवशी गावतलावाचा गाळ काढायचं काम निघालं आणि बाराही जणी पहिल्याच सकाळी हजर झाल्या. भत्ता कुणालाच मिळाला नाही, कारण त्याची गरज पडली नाही.

एकोणीस साल संपलं, तसे माझे आकडेही संपले. आता टेबलावर नवा शिक्का आहे आणि मी पुन्हा खणात. तरी अजून कुणी दारातूनच "काम पायजे" म्हणून परत फिरलं, की मी आतल्या आत वळवळतो. मित्रांनो, आपल्या माणसावर भरोसा जरूर ठेवा. पण आत या, पावती घ्या आणि तिच्यावरची तारीख वाचूनच पायरी उतरा. माझी तारीख चुकली आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. बोलता मात्र शकुनबाईलाच आलं.