डोरिसचं इंजिन

हेदर सग्डन लीड्सच्या इस्पितळातून नवा पाय लावून घरी आली, तेव्हा परसातल्या गॅरेजचं दार सताड उघडं होतं. आत डोरिसचा नुसता सांगाडा भिंतीला टेकून उभा होता. टाकी कोपऱ्यात पडली होती, हँडल बाकड्यावर होतं आणि वायरींचा गुंता नाताळच्या केकच्या रिकाम्या डब्यात कोंबलेला होता.

डोरिस म्हणजे तिची मोटारसायकल. पिवळी, हजार सीसीची, एका बोटावर चालू होणारी. तिचं इंजिन आता बाबाच्या घरगुती मोटारीत विराजमान झालं होतं. मोटार म्हणजे काय, तर चौकोनी लोखंडी नळ्या जोडून केलेला दोन माणसांचा पिंजरा. नॉर्मन सग्डन सहा वर्षं त्याचं वेल्डिंग करत होता, आणि सहा वर्षांत तो पिंजरा जागचा हललेला नव्हता.

"हे काय आहे?" हेदरने विचारलं.

नॉर्मनने चष्मा कपाळावर सरकवला. "आलीस? कसा काय आहे पाय?"

"पाय गेला खड्ड्यात. हे काय आहे?"

"बघ ना, काय बसलंय! एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. जसं काही याच्यासाठीच केलं होतं."

"माझं आहे ते."

"अगं, दीड वर्ष चादरीखाली पडून होतं बिचारं. गंजलं असतं."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

"म्हणूनच तर," नॉर्मन म्हणाला. आपण काही वावगं बोललो असं त्याच्या चेहऱ्यावर नावालाही नव्हतं.

हेदरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय आता एकच उरला होता, पण आगीत काही कमी पडलं नाही.

दीड वर्ष हेच चाललं होतं. हॅलिफॅक्सच्या वरच्या माळरानावर एका वळणात मेंढी आडवी आली, डोरिस डाव्या कुशीवर पडली आणि हेदरचा डावा पाय तिच्याखाली सापडला. मेंढीने विचारलं नव्हतं, पण ती मेंढी होती. माणसांचं काय? डॉक्टर तिच्यासमोर बसून बाबाला सांगायचा, "त्यांना दुखत असेल तर ही गोळी द्या." मावशीने तिची खोली परस्पर खालच्या मजल्यावर हलवली. तिच्या ऑफिसातल्यांनी तिला न विचारता तिचं टेबल संडासाशेजारी नेलं, सोयीचं म्हणून. सगळी माणसं भली, प्रेमळ, डोळ्यांत पाणी आणणारी. भल्या माणसांशी भांडताही येत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा वैताग.

"आणि ही काय भानगड आहे?" तिने पिंजऱ्याच्या डाव्या बाजूकडे बोट दाखवलं. उजवीकडे स्टिअरिंग होतं आणि त्यामागे साधी पत्र्याची बैठक. डावीकडच्या बैठकीवर मात्र जाड, मऊ, निळी उशी शिवून घेतलेली होती, आणि खाली पाय टेकायला तिरपी फळी.

नॉर्मनचा चेहरा उजळला. "ती तुझी जागा! खास तुझ्या मापाची. मी चालवीन, तू मजेत शेजारी बस. रविवारी व्हिटबीला समुद्रावर जाऊ, धक्क्यावर मासे-चिप्स खाऊ. वारा तोच, आवाज तोच. तुला काही करावं लागणार नाही."

तुला काही करावं लागणार नाही! बारा वर्षं मोटारसायकल हाकलेल्या पोरीला हे ऐकावं लागलं, तेही तिच्याच इंजिनाशेजारी उभं राहून.

"माझं इंजिन घेऊन मलाच फिरवून आणणार?" हेदर म्हणाली. "म्हातारीला बागेत नेतात तसं?"

"अगं, तसं नाही गं पोरी..."

ती घरात निघून गेली. त्या दिवसापासून तिने बापाशी बोलणं टाकलं. चहा आपापला करायचा, पाव आपापला भाजायचा. भांडी घासताना एकाने घासायची आणि दुसऱ्याने तोंड न उघडता पुसायची.

इंजिन बसलं होतं खरं, पण चालू होईना. नॉर्मनच्या मदतीला कीथ आला. कीथ ब्रॅडली म्हणजे घरी मोटारी बांधणाऱ्यांच्या मंडळाचा स्वयंघोषित सर्वज्ञ. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा मूळ धंदा. दोघांची उमेदवारी जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांवर झालेली. पेट्रोल येतं की नाही हे त्यांना वास घेऊन कळायचं. डोरिसला कार्बोरेटर नव्हता. तिच्यात पेट्रोल पिचकारीने उडायचं, आणि कधी, किती उडायचं ते एक चपटी काळी पेटी ठरवायची.

गॅरेज स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होतं, त्यामुळे हेदरला सगळं ऐकू यायचं. स्टार्टर घरघरायचा, इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही.

"पंप गेलाय," कीथ म्हणाला. त्यांनी दुसरा पंप आणला. इंजिन ढिम्म.

"वायर तुटलीय कुठेतरी." त्यांनी सगळ्या वायरी तपासल्या. तरी ढिम्म. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हेदरला पहिल्याच दिवशी कळलं होतं. किल्ली फिरवली की डोरिस आधी दोन सेकंद गुणगुणायची, पंपाचा बारीक आवाज यायचा, आणि मगच स्टार्टर मारायचा. आता ते गुणगुणणंच येत नव्हतं. म्हणजे पंपाला वीजच जात नव्हती. ती कुणी अडवली असेल, याचाही तिला अंदाज होता. पण सांगेल कोण? तिला विचारलं कुणी? घरात डोरिसला नखशिखांत ओळखणारं माणूस एकच, ते खिडकीत बसून पावाला मुरंबा लावत होतं, आणि हे दोघे शहाणे खाली पंप बदलत होते. बदला म्हणावं, हेदर पुटपुटली, आणखी चार पंप बदला.

मग शनिवारी कीथचा आवाज वर आला. "नॉर्मन, लेका, माझं ऐक. ही पिचकारी-बिचकारी काढून फेकून दे. पेटी, वायरी, सगळं कचऱ्यात. माझ्याकडे चार जुने कार्बोरेटर पडलेत, ते ठोकू."

"तेच करावं लागणार बहुतेक," नॉर्मन म्हणाला.

हेदरच्या हातातली सुरी बशीत पडली. डोरिसला कार्बोरेटर! नव्या पायाला अजून पायऱ्यांची सवय नव्हती, तरी ती परसात पोचली तेव्हा कीथच्या हातात पक्कड होती आणि पकडीत वायर.

"हात लावाल तर याद राखा, कीथकाका!"

कीथ दचकला. "अगं, तू कशाला त्रास घेतेस? बस तू, मी खुर्ची..."

"खुर्ची नकोय मला. बॅटरी दाखवा." तिने नॉर्मनला बाजूला सारलं आणि ती पिंजऱ्यात वाकली. बोटांनी वायरींचा माग काढत ती बैठकांच्या मागे आली. तिथे आडव्या नळीवर काडेपेटीएवढी एक काळी डबी होती. वायरी बांधायच्या पट्टीने ती नीटनेटकी, घट्ट, आडवी बांधलेली होती.

"ही कुणी बांधली?"

"मी," नॉर्मन म्हणाला. दोन आठवड्यांनी पोरगी बोलली म्हणून त्याला शिवीही गोड लागली असती. "नुसती लोंबकळत होती. कशाची आहे ती?"

"गाडी पडली की ओळखणारी डबी आहे ती, बाबा. गाडी आडवी झाली की ती पेट्रोल तोडते, आग लागू नये म्हणून. उभी असायला हवी, तू आडवी बांधलीस." हेदरने डबीवर बोट टेकवलं. "डोरिसला वाटतंय, ती अजून त्या रस्त्यावर पडलेलीच आहे. कधीची उठलीय हे तिला कुणी सांगितलंच नाही."

कीथने पक्कड खिशात घातली.

हेदरने पट्टी कापली आणि डबी उभी धरली. "किल्ली बंद कर. आता पुन्हा लाव."

नॉर्मनने किल्ली फिरवली. गुणगुण आली. मग त्याने बटण दाबलं, आणि डोरिसने असा गळा काढला की शेजारच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली आणि बाकड्यावरचे नट नाचत खाली पडले. नॉर्मन रडत होता. धुराने, असं तो नंतर म्हणाला.

त्याने इंजिन बंद केलं. "पोरी, मी तुला..."

"माफ केलेलं नाहीये मी," हेदर म्हणाली. "इंजिन चालू झालं म्हणून विसरायचं नाही. मला विचारायला हवं होतंस."

"हवं होतं," नॉर्मन म्हणाला. "तू नाही म्हणशील याची भीती नव्हती गं. नाही म्हणून डोरिस परत चालवशील, परत पडशील, त्याची होती."

"ते माझं मी बघेन."

तिने बाकड्यावर पडलेलं डोरिसचं हँडल उचललं. त्याला क्लचचा लीव्हर अजून होता, टोकाला खरचटलेला. लीव्हर तिने हाताने दाबून पाहिला. मग पिंजऱ्याच्या उजव्या बाजूला वाकून तिने डावीकडच्या पेडलवर टकटक केलं.

"हा क्लच पायाचा का केलास? डोरिसचा हाताचा होता. पेडल काप आणि हा लीव्हर गिअरच्या दांड्यावर बसव. मग डाव्या पायाला काही कामच उरत नाही."

कीथ वाकून पेडल निरखू लागला.

ती उजव्या बाजूने आत उतरली. नवा पाय आधी आत घ्यावा लागला, तो दोनदा नळीला अडकला आणि तिने त्याला सणसणीत शिवी हासडली. मदतीला कुणी पुढे झालं नाही, कारण नॉर्मनने कीथचा दंड धरून ठेवला होता. शेवटी ती पत्र्याच्या बैठकीवर टेकली आणि तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"आणि मग मी कुठे बसू?" नॉर्मनने विचारलं.

हेदरने डावीकडची निळी उशी थोपटली.

"इथे. मजेत बस. तुला काही करावं लागणार नाही."