झाकण कुणी बसवलं

काटा हलत नव्हता.

पंप काल संध्याकाळपासून चालू होता. त्याची घरघर खोलीत इतकी भरून राहिली होती की आता ती ऐकूच येईनाशी झाली होती. दाबमापकाचा काटा मात्र अर्ध्यावर ठाण मांडून बसला होता. यंत्राचं काम तसं साधं. स्टीलच्या पिंपात काच ठेवायची, झाकण लावायचं, आतली हवा उपसायची आणि मग धातू तापवून त्याची वाफ काचेवर बसू द्यायची. हवा पुरती निघाली नाही तर थर धरत नाही. काळवंडतो, नखाने खरवडला तरी निघतो.

हवा निघत नव्हती. म्हणजे कुठून तरी आत शिरत होती.

शेवटच्या वर्षाला या यंत्रावर एकालाच जागा मिळते. ती कुणाची, हे विभागाचे साहेब आज ठरवणार होते. "थर चढलेली काच दाखव, जागा तुझी," असं ते बारकीला म्हणाले होते. "नाहीच जमलं तर कॉम्प्युटरवर बस. मुलींना तेच बरं. खुर्ची असते, पंखा असतो."

बारकी म्हणजे ती विद्यार्थिनी. अंगाने बारकी, आवाजानेही. तिच्या शेजारी स्टुलावर बसलेली, पन्नाशीची, डोळ्यांखाली कायमची सावली असलेली बाई म्हणजे पंपबाई. अख्ख्या संस्थेत पंप बिघडला की तिला बोलावतात, म्हणून हे नाव. आणि गेल्या काही वर्षांपासून ती विज्ञान शिकणाऱ्या मुलींना आधार देण्याच्या योजनेत मार्गदर्शकही आहे. नको म्हणायचं राहून गेलं, म्हणून.

योजनेने मार्गदर्शकांना एक पुस्तिका दिलेली आहे.

मुलीने मार्गदर्शिकेला आपलेपणाने 'ताई' म्हणावे.

बारकी मॅडम म्हणते.

अडचणीच्या वेळी हात द्यावा.

काल संध्याकाळी बारकी झाकण बसवत होती. झाकण जड. त्याच्याखाली रबराचं कडं असतं, ते पुसून, खाचेत नीट बसवून, मग झाकण सरळ उतरवावं लागतं. बारकीकडून ते सारखं तिरकं होत होतं. सकाळपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं.

"सरक," पंपबाई म्हणाली.

"मी करते मॅडम."

"कधी करशील? उद्या साहेब आल्यावर? सरक. जा, काहीतरी खाऊन ये. तोंड बघ, सुकलंय नुसतं."

पंपबाईचे पाय दुखत होते. तिला घरी जायचं होतं. मुलगी शिकेल म्हणून वाट पाहत उभं राहण्यापेक्षा स्वतः करून मोकळं होणं सोपं, हे तिला जितकं ठाऊक होतं तितकं कुणालाच नसेल. खोलीत उकडत होतं. डोक्याला घट्ट बसणारी कागदी टोपी तिने काढून खिशात कोंबली, कडं पुसलं, झाकण उतरवलं, आवळलं, पंप चालू केला.

बारकी बिस्किटाचा पुडा घेऊन परत आली तेव्हा सगळं झालेलं होतं.

"झालं?"

"झालं."

बारकी थँक्यू म्हणाली. म्हणताना ती झाकणाकडे बघत होती, दुसऱ्याने वाढून घेतलेल्या आपल्या ताटाकडे बघावं तसं.

मुलीस प्रश्न विचारण्याची मोकळीक द्यावी.

"मॅडम, आधी कुठून बघू?" बारकीने आज सकाळी आल्या आल्या विचारलं.

"वायरी आत जातात तिथून. तो जोड कुणी लावला?"

"मी."

"मग तिथूनच."

गळती शोधायची रीत अशी: बाटलीतून स्पिरिटचा बारीक फवारा एकेका जोडावर मारायचा आणि काट्याकडे बघायचं. जिथे भोक असेल तिथून स्पिरिट आत ओढलं जातं आणि काटा उडी मारतो. बारकी फवारत होती. वायरींचा जोड. काटा गप्प. झडप. काटा गप्प. पाण्याची नळी, मग मागचा छोटा जोड, ज्यासाठी जमिनीवर आडवं व्हावं लागतं. बारकी आडवी झाली. उठली तेव्हा कोपराला धूळ आणि गालाला वंगण.

"हळू मार. आंघोळ घालू नकोस."

"हो."

"झडपेवर परत मार. ती तूच आवळली होतीस ना?"

"हो मॅडम."

पंपबाईचा हात दोनदा बाटलीकडे गेला आणि दोनदा मागे आला. पुस्तिकेत लिहिलं होतं, मुलीला करू द्यावे. ती करू देत होती. असं करू देण्यानेच ती जास्त दमत होती.

मग बारकी, बाटलीच्या टोपणाशी चाळा करत:

"मॅडम, झाकण…"

"काय?"

"झाकणावर मारून बघू?"

"झाकण मी बसवलंय."

"हो. ते आहेच."

"बाहेरच्या प्रयोगशाळांतून लोक गाडी पाठवून बोलावतात मला झाकण बसवायला. तू झडप बघ."

बारकीने झडप बघितली. परत.

ऐकून घ्यावे. मध्ये बोलू नये.

फोन वाजला. पंपबाई बाहेर गेली. लेकीचा होता.

"आई, आज तरी वेळेवर येणारेस का?"

"बघते. इथे एक मुलगी अडकलीये."

"तुझी कुठली ना कुठली मुलगी रोजच अडकलेली असते."

"तू पण विज्ञान घेतलं असतंस तर तुझ्याकडेही बघितलं असतं."

"म्हणूनच नाही घेतलं. तुला बघून." लेक हसली. हसण्यात कडवटपणा नव्हता, ते जास्त लागलं. "हे बघ, मागची ती, जिला तू अख्खा प्रोजेक्ट करून दिलास, ती कुठेय आता?"

"बँकेत."

"आणि तिच्या आधीची?"

"तिचं काही कळलं नाही."

"बरं, जेवून घे."

पंपबाई व्हरांड्यात थोडा वेळ उभी राहिली. समोरच्या भिंतीवर योजनेचं पोस्टर होतं. सहा मुली पांढऱ्या कोटात, सगळ्यांचं हसू एका मापाचं. पोस्टरचा खालचा कोपरा सुटून लोंबत होता. सवयीने तिने तो दाबला. तो परत सुटला.

ती आत आली. बारकी काट्यासमोर उभी होती. हातात बाटली, ओठ मिटलेले.

"काय झालं?"

"काही नाही."

"सापडलं?"

बारकीने झाकणाकडे बघितलं.

"अगं, सापडलं का?"

"मॅडम, तुम्ही रागावू नका."

सापडलं.

(ही पुस्तिकेतली ओळ नाही.)

पंप थांबवला, आत हवा सोडली, दोघींनी मिळून झाकण उचललं. कड्यावर, एका बाजूला, आडवा, एक केस.

बारकीने चिमट्याने तो उचलून दिव्यासमोर धरला. लांब. खालून काळा. वरचा बोटभर भाग पांढरा.

बारकीचे केस कानाच्या वर होते. यंत्रावर जागा हवी म्हणून तिने या वर्षाच्या सुरुवातीला ते कापले होते. "लांब केसांची कटकट नको मला मशीनवर," असं साहेब वर्गात म्हणाले होते, आणि पोरं मागे वळून मुलींच्या वेण्यांकडे बघत हसली होती. घरी गेली तेव्हा तिच्या आईने दारातच तोंडाला पदर लावला. आजीला वाटलं पोरीला मोठा आजार झाला.

पंपबाई केसाकडे बघत राहिली. कलप लावायला तिला महिनाभर वेळ झाला नव्हता.

"सकाळीच म्हणायचं नाही का?"

"म्हटलं होतं," बारकी म्हणाली.

म्हटलं होतं. खरंच.

आणि दार उघडलं. साहेब ठरल्यापेक्षा लवकर आले होते. उघडं पिंप, चिमटा, चिमट्यात केस, त्यांनी सगळं एका नजरेत टिपलं आणि मनापासून हसले.

"केस! काय सांगत होतो मी? मुली म्हटलं की केस आलेच."

"साहेब, तो माझा आहे," पंपबाई म्हणाली.

"अहो मॅडम, राहू द्या. तुम्ही पाठीशी घालणारच. तुमची योजनाच ती आहे."

"झाकण मी बसवलं होतं."

"तुम्ही बसवलं असतं तर गळलं असतं का? चांगुलपणा कळतो मला. पण एकदा तुम्ही वाचवाल, दोनदा वाचवाल." ते बारकीकडे वळले. "वाईट नको वाटून घेऊ, बेटा. कॉम्प्युटरवर…"

इतकी वर्षं पंपबाईने किती मुलींसाठी शब्द टाकला होता. ओळखीने, गोड बोलून, कधी हातापाया पडून. आज पहिल्यांदा ती नुसतं खरं बोलत होती, आणि तेच खपत नव्हतं.

तिने टोपी काढली. साहेबांच्या पुढ्यात येऊन मान खाली घातली. भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पांढरं, त्याखाली काळं.

"बघा. जुळवून घ्या."

"अहो मॅडम, हे काय…"

"बघा म्हणते ना! पोरीच्या डोक्यावर एवढा लांब केस तरी आहे का? तुमच्यासाठीच कापलेत तिने. काल टोपी मी काढली होती, तिने नाही. आणि ती सकाळपासून झाकण बघू म्हणत होती, मी बघू दिलं नाही. मी नसताना तिने शोधलं."

मान खाली घालून उभं राहिल्याने तिची पाठ धरली. साहेब भिंतीकडे बघत होते. एका पन्नाशीच्या बाईचा भांग इतक्या जवळून बघायची त्यांना सवय नसावी. त्यांनी घसा खाकरला.

"मग आता?"

हे त्यांनी कुणाला विचारलं ते कळलं नाही. पंपबाईचं तोंड उघडलं होतं. बारकी आधी बोलली.

"तुम्ही जायच्या आत काच देते, साहेब."

"नाही झाली तर?"

"तर कॉम्प्युटर."

साहेबांनी खांदे उडवले. "बरं. जाता जाता येतो." ते गेले.

पंपबाईने कोटाच्या बाह्या वर सारल्या. "चल, कडं दे इकडे. पुसून…"

"ताई."

पंपबाई थांबली.

"ताई, तुम्ही बाहेर बसा ना."

मार्गदर्शिकेने केव्हा बाजूला व्हावे

याबद्दल पुस्तिकेत काही नाही.

व्हरांड्यात एक बाक आहे. एक पाय आखूड, बसलं की डुगडुगतो. पंपबाई त्यावर बसली. दार लोटलेलं. आत पाण्याचा नळ, मग कापडाची सळसळ, मग बराच वेळ काहीच नाही. कडं परत तपासत असेल. तपासू दे. मग झाकणाचा दणका. सरळ नाही उतरलं. परत उचललं असणार, कारण दुसरा आवाज आला, हळू, सगळीकडून एकदम बसल्यासारखा.

पंपबाईचे हात मांडीवर होते. तिने ते मांड्यांखाली घातले.

पंप चालू झाला. सुरुवातीला तो गुरगुरतो, घोटघोट हवा पिणाऱ्या जनावरासारखा. हवा संपत आली की गुरगुर बारीक होते. आज सकाळी ती बारीक झालीच नव्हती. हे काट्याकडे न बघताही ऐकू यायला हवं होतं. तिच्याच कानांना यायला हवं होतं.

पोस्टरचा कोपरा वाऱ्याने हलत होता. तिने तो दाबला नाही. तिला झोप येत होती. आणखी एक वर्ष, आणखी मुली, आणखी बिस्किटं. नको म्हणायचं या वेळीही राहूनच जाईल.

उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत दाराच्या चौकटीवर आली. आत पंपाची गुरगुर केव्हा तरी बारीक झाली होती, इतकी बारीक की पंप आहे हे आठवावं लागत होतं. नंतर फटीतून तापलेल्या धातूचा पिवळा उजेड पडला, थोडा वेळ टिकला, विझला. मग आत हवा सोडल्याचा फुसकारा. जिन्यावर साहेबांची पावलं वाजली.

दार उघडलं. हातमोजे घातलेल्या दोन बोटांत, कडांना धरलेली काच.

"ताई, बघता?"

पंपबाई उठली. गुडघा वाजला. हात आपोआप पुढे झाला.

"नुसती बघा," बारकी म्हणाली. "हात नका लावू. ओली नाहीये, पण तरी."

ती काच घेऊन जिन्याकडे गेली, एकटी.