लॉन्ड्रीच्या ओट्यावर सलूनची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, पण मला साधीसुधी समजू नका. मी सलूनची खुर्ची आहे. मी गोल फिरते, पायाखालचा दांडा दाबला की वर जाते, मागे कलते, आणि डोकं टेकवायला मला स्वतःची उशी आहे. मित्रांनो, एवढ्या सोयी राजाच्या सिंहासनालासुद्धा नसतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुणी माझा लोखंडी पाय ओतला, कुणी माझे हात वाकवले, कुणी अंगावर लाल रेक्झिन ताणून बसवलं. ज्यांनी मला घडवलं, त्यांना मात्र माझ्यावर क्षणभर टेकायचीही परवानगी नव्हती. माझं डोकं तेव्हापासूनच जरा तापट आहे.

मग मला सलूनवाल्या वस्तादांनी विकत घेतलं. त्यांचं दुकान चिंचोळं, पण आरसा लख्ख. गिऱ्हाईक बसलं की ते म्हणत, "मान सैल सोडा." मोठी तोऱ्यातली माणसंही मुकाट्याने मान सोडत, डोळे मिटत आणि घरातली भांडणं सांगायला लागत. ती ऐकत माझी वर्षं फार मजेत गेली.

मग साथ आली आणि दुकानाचं शटर खाली आलं. माझ्यावर धुळीचा थर बसला. दिवसभर कोणी नाही, गप्पा नाहीत. खुर्चीवर कोणी बसलंच नाही, तर ती नुसती अडगळ असते.

वस्तादांची बायको मात्र रोज कामावर जात होती. मोठ्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीत ती कपडे धुवायची. तिथे तिला सगळे मावशी म्हणत. आजाऱ्यांच्या चादरी, डॉक्टरांचे झगे, सगळ्याचे गठ्ठे तिथेच येत. संध्याकाळी लोक गच्चीवर येऊन अशा कामगारांसाठी टाळ्या वाजवत. मला त्या शटरमागूनही ऐकू येत. पण या कामगारांना आजार लागलाय का, हे कोणी बघायचं? दवाखान्याच्या दारात एक माणूस कपाळावर ताप मोजायची बंदूक रोखायचा आणि म्हणायचा, "ताप नाही, चला आत!" अहो, ज्याला ताप नाही, खोकला नाही, आणि तरी विषाणू ज्याच्या नाकात बिऱ्हाड थाटून बसलाय, त्याच्याबद्दल ती बंदूक काय कपाळ सांगणार?

डॉक्टरांच्या नाकाची तपासणी नेमाने होई. लॉन्ड्रीवाल्यांची नाही. साथीचं काम बघणाऱ्या सिस्टर भडकल्या आणि थेट मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "लक्षणं नाहीत तर तपासायचं कशाला? उद्या चार जण सापडले तर चादरी कोण धुणार?"

"आणि सगळे एकदम आडवे झाले तर? तुम्ही धुणार का?" सिस्टरनी विचारलं. तपासणीची परवानगी घेऊनच त्या बाहेर पडल्या. शिवाय, सापडेल त्याचा पगार कापायचा नाही, हेही कबूल करून घेतलं. पगार कापला तर कोण शहाणा नाक पुढे करेल?

पण घोडं अडलं स्टुलावर. तपासणीची काडी नाकाजवळ आली की माणसं मागे सरकत. एक जण तर स्टुलासकट उताणा पडला. मावशीने घरी हे सांगितलं, तसे वस्ताद पोट धरून हसले.

"स्टुलावर कोण मान सोडेल?" ते म्हणाले. "आपली खुर्ची घेऊन जा. तिच्यावर बसल्यावर माणसाला पळायचं सुचत नाही."

अशी मी चादरींच्या ढकलगाडीवरून वाजतगाजत दवाखान्यात आले. मला लॉन्ड्रीमागच्या उघड्या ओट्यावर मोकळ्या हवेत ठेवलं. मला बघताच हशा पिकला.

"सिस्टर, कडेने बारीक, वर जरा राहू द्या!"

"दाढी पण करणार का?"

"आधी मास्क नाकाखाली घे आणि गप्प बस," अंगभर पांढरा झगा घातलेल्या सिस्टर म्हणाल्या. मग वस्तादांनी मावशीकडून सांगून पाठवलं होतं तसं हळूच, "मान सैल सोडा." आणि काय सांगू, मान खरंच सैल सुटली! बसणाऱ्याचे डोळे सवयीने मिटले. काडी आत जाऊन बाहेर आली, एक शिंक, एक शिवी, की झालं. प्रत्येकानंतर मला औषधाच्या पाण्याने पुसत. त्या पाण्याने माझा लाल रंग फिका गुलाबी झाला, पण खरं सांगते, इतकी खूश मी दुकानातही नव्हते.

फक्त पैलवान येईना. ओले गठ्ठे एकट्याने उचलणारा हा गडी कधी शिंकलासुद्धा नव्हता. त्याची आई त्याच्या बहिणीकडे होती. तिला दमा होता, आणि नुकतीच ती मोठ्या दुखण्यातून उठली होती. दुसऱ्या दिवशी तो तिला घरी आणणार होता. त्याने खोलीला रंग दिला होता, खिडकीशी पलंग लावला होता.

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "माझ्याकडे बघा तरी!"

"बघूनच कळलं असतं तर मी काड्या कशाला घालत बसले असते?" सिस्टर म्हणाल्या. "आईला आणणार आहेस ना? मग बस."

आईचं नाव निघालं आणि तो बसला. काडी गेली तेव्हा त्याने माझा हात असा आवळला की रेक्झिन टरकन फाटलं. सगळी लॉन्ड्री हसली. तोही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी त्याला ओट्यावर बोलावलं आणि लांब उभं राहून सांगितलं, "पैलवान, तुझ्यात विषाणू निघालाय."

कोणी हसलं नाही. त्याने फोन काढला. आईचा आवाज एवढा खणखणीत की मलाही ऐकू आला.

"मी पिशवी घेऊन दारात बसलेय. कुठवर आलास?"

"आई, येत नाही. मला तो आजार झालाय."

"ताप आलाय?"

"नाही."

"खोकला?"

"नाही गं. एकदम ठणठणीत आहे."

"मग खोटं कशाला बोलतोस मेल्या? मी नको झाले म्हणून सांग!"

तो धिप्पाड माणूस रडकुंडीला आला. तेव्हा मावशी लांबूनच ओरडली, "आजी, खोटं नाही! तो आज आला असता, तर जवळ बसून तुम्हालाच आजार देऊन गेला असता!"

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आजी म्हणाल्या, "जेवणाचं काय करणार आहे हा?"

जेवण मावशीने पोचवलं. पैलवान दवाखान्यामागच्या खोलीत एकटा राहिला आणि खिडकीतून सगळ्यांच्या खोड्या काढत राहिला. शेवटपर्यंत त्याला साधी सर्दी झाली नाही. त्याच्यानंतर दवाखान्यातले इतर कामगारही माझ्यावर बसायला आले; त्यांत एक स्वयंपाकी सापडला, एक रुग्णवाहिकेचा चालक सापडला, दोघेही ठणठणीत. ते वेळेवर बाजूला झाले आणि चादरी धुवायचं काम एक दिवसही थांबलं नाही. मग मोठे साहेबही येऊन बसले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते बघायला घड्या घालणारे हात थांबले होते.

आणि एका सकाळी, पुढच्या तपासणीतून मोकळ्या झालेल्या पैलवानाने आईला आणलं. घरी जायच्या आधी तिला लॉन्ड्री बघायची होती. ओट्याच्या पायऱ्या चढताना तिला दम लागला, म्हणून त्याने तिला माझ्यावर बसवलं आणि दांडा दाबून दाबून पार त्याच्या तोंडासमोर आणलं.

"खाली घे, पडेन ना!" ती हसत ओरडली. मग तिने त्याचं नाक चिमटीत धरलं. "इथे बसला होता का रे तो?"

मित्रांनो, चादरी धुणाऱ्याचं नाक डॉक्टरच्या नाकाएवढंच मोलाचं आहे. ठणठणीत दिसतात म्हणून कुणाला विसरू नका, सगळ्यांना तपासा. आणि जो सापडेल त्याच्याकडे गुन्हेगारासारखं बघू नका. त्याला जेवण पोचवा, त्याच्या आईला फोन करून नीट समजावून सांगा. तो खोलीत एकटा बसलाय म्हणून तर ती दारात बसून त्याला शिव्या घालू शकतेय.