कौतुक नंतर, आधी झाकण लावा

मित्रांनो, माझं अर्धं आयुष्य गरागरा फिरण्यात गेलं आणि उरलेलं गळ्यापर्यंत मातीत गाडून घेण्यात चाललंय. मी एक जुना ड्रम आहे, वॉशिंग मशीनचा. अंग स्टीलचं, पोटाला हजारभर भोकं, आणि डोकं कायम तापलेलं. का तापलेलं, तेच सांगतो.

कारखान्यातून मी थेट जर्मनीतल्या आल्ब डोंगरावरच्या एका गावात आलो, गेर्लिंड आणि ओटमार या नवराबायकोच्या घरी. एकोणीस वर्षं त्यांचे कपडे धुतले. गेर्लिंड शेजारणींना सांगायची, याने कधी एक बटण गिळलं नाही. मग माझं बेअरिंग गेलं. दुसऱ्या कुणी मला भंगारात दिलं असतं, पण ओटमार वाकडा खिळासुद्धा टाकत नाही. त्याने मला मशीनमधून उपसून शेडमागे ठेवलं आणि विसरून गेला. तीन वर्षं! पोटात गोगलगायी नांदल्या, पाला कुजला. एकाने विचारलं नाही, बाबा, कसा आहेस.

मग बटाट्याचं भांडण झालं. गेर्लिंडच्या आईने तिला लग्नात टोपलीभर बेणं दिलं होतं. बोटाएवढे, वाकडे, पिवळे बटाटे. कितीही उकडा, फुटायचं नाव नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी इथे घरोघरी बटाट्याचं सॅलड होतं. गरम चकत्यांवर रस्सा ओततात, आणि चकत्यांचा लगदा झाला की पाहुणे काही बोलत नाहीत, नुसते एकमेकांकडे बघतात. असले बटाटे दुकानात मिळत नाहीत. आई तर कधीच गेली. परसातलं बेणं संपलं की संपलंच.

आणि या ओटमारने बटाटे ठेवायचं तळघर सुधारलं! मातीच्या जमिनीवर सिमेंट ओतलं, कोपऱ्यात बॉयलर बसवला. माणसांना ऊब मिळाली, बटाट्यांनाही मिळाली. नाताळपर्यंत त्यांना वीतवीत कोंब फुटले आणि अंग सुरकुतलं. त्यातूनच कसंबसं बेणं वाचलं. गेर्लिंड दोन महिने नवऱ्याशी "मीठ दे" यापलीकडे बोलली नाही.

तेव्हा साहेबांना मी आठवलो. त्याने परसात खड्डा खणला, मला घासूनपुसून तोंड वर करून पुरलं, वर फळीचं झाकण, त्यावर पेंढ्याचं पोतं. भोकांतून हवा येते, उंदीर येत नाही.

"यात तुझे पायमोजे फिरायचे," गेर्लिंड म्हणाली. "माझ्या आईचे बटाटे यात जायचे नाहीत."

पण दुसरी गार जागा होती कुठे? बटाट्याची झाडं वाळली, त्यावर तिने दोन आठवडे थांबून साली पक्क्या होऊ दिल्या. मग काढणी केली. ओटमार बटाटे धुवायला पाइप घेऊन आला, तेव्हा तिने त्याला पाइपासकट परत पाठवलं. सावलीत सुकवून तिने पुढच्या वर्षाचं बेणं गोणपाटात बांधून तळाशी ठेवलं आणि खायचे बटाटे वर रचले.

पहिला हिवाळा झकास गेला. चकती न् चकती अखंड. झालं, ओटमारला पंख फुटले. पोस्टमन आला, उघड झाकण. मेहुणा आला, उघड झाकण. अरे, झोपलेल्या पोराचं पांघरूण कुणी दिवसातून चारदा काढतं का?

दुसऱ्या जानेवारीत तर कहर झाला. बर्फ दगडासारखा कडक, आणि हा शेजारच्या बेर्टोल्डला माझं पोट दाखवतोय. मग म्हणाला, चल, एकेक घोट घेऊ. दोघं आत गेले. झाकण बाजूला! मी ओरडलो असतो, पण ड्रमला कुठलं तोंड? असलेलं सताड उघडं. भोकाभोकांतून गारठा शिरला.

चार तासांनी गेर्लिंड रात्रीच्या जेवणासाठी बटाटे न्यायला आली आणि उभी राहिली. मग गुडघे टेकून एकेक बटाटा बाहेर फेकू लागली. वरचे काचेसारखे झाले होते. ओटमार धावत आला, पण जवळ यायची हिंमत होईना.

तळाचं गोणपाट तिने सोडलं. एक बटाटा घेतला, खिशातल्या चाकूने कापला, अंगठ्याने दाबून बघितला. पिवळा. कोरडा. टणक. तिने तो अर्धा बटाटा बराच वेळ हातात धरून ठेवला.

"एकोणीस वर्षं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हे मशीन दार लागल्याशिवाय एकदा फिरलं नाही. तुला एवढं जमत नाही?"

त्याने दुप्पट पेंढा आणला. दुसऱ्या दिवशी झाकणाला कुलूप लागलं आणि किल्ली गेर्लिंडच्या एप्रनमध्ये गेली.

पुढच्या नाताळला सॅलड पुन्हा अखंड होतं. एका नव्या पाहुण्याने विचारलं, बटाटे ठेवता कुठे? ओटमारने तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "जमिनीत. सॅलड वाढ अजून."

हे मला कसं कळलं म्हणाल, तर रविवारी बटाटे काढताना गेर्लिंड एकटीच हसत सांगत होती. मला सांगत होती की बटाट्यांना, कोण जाणे.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्यांना फार काही लागत नाही. बटाट्याला अंधार द्या, गारवा द्या, थोडी हवा द्या. माझं कौतुक करायचं असेल तर तेही करा, मला आवडतं. पण आधी झाकण लावा.