दोघांना सांभाळ

सेल्वी आणि नेविल आमच्या मराठी उपासनेला यायचे, कारण दोघांनाही मराठीचा गंध नव्हता.

शारजात चर्चच्या आवारात शुक्रवारी सकाळपासून भाषांच्या पाळ्या लागायच्या. मल्याळी निघाले की तमिळ, मग सिंहली, मग आम्ही नगर-सोलापूरकडचे. सेल्वी जाफन्याची तमिळ, नेविल कोलंबोकडचा सिंहली. दोघंही ख्रिस्ती, इथेच भेटले, इथेच लग्न केलं. तमिळ उपासनेत लोक नेविलकडे टक लावून बघायचे, सिंहलीत सेल्वीकडे, आणि इंग्रजीत दोन्हीकडचे लोक दोघांकडे. आमच्यात तसलं काही नाही. आम्हाला आपापसातल्या कुरबुरींतूनच सवड मिळत नव्हती.

शारजातल्याच रोला भागात आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. घरमालकाने हॉलमध्ये प्लायवूड ठोकून एकाच्या दोन खोल्या केल्या होत्या. एकीत मी आणि माझा नवरा सुदेश, दुसरीत ते दोघं आणि त्यांची निरोशा. तिकडे कुणी कूस बदलली की इकडे आमच्या कपबशा वाजायच्या.

पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात लंकेच्या फौजेने तमिळ वाघांच्या ताब्यातल्या जाफन्याकडे कूच केलं. त्या फौजेत नेविलचा धाकटा भाऊ रोहन होता. आणि जाफन्यात सेल्वीची आई. तिकडे फोन नाही, पत्र पोचायला महिने. लोक घरंदारं सोडून पळताहेत एवढंच रेडिओवर कळायचं. प्लायवूडपलीकडचं बोलणं आधी वाढलं, मग बंदच झालं.

त्या शुक्रवारी मंडळीचे पंच भिकाजीभाऊ प्रार्थनेला उभे राहिले. माणूस मनाचा मोठा, आवाजाने त्याहून मोठा. मी सवयीने सेल्वीच्या कानात हिंदीतून सांगत होते.

“हे स्वर्गीय बापा, आमच्या सेल्वीच्या आईला सांभाळ. आमच्या नेविलच्या भावाला, रोहनला सांभाळ. दोघांच्याही वाटेवर तुझे दूत पाठव.”

सगळे आमेन म्हणाले. सेल्वीने माझं मनगट धरलं.

“अक्का, रोहन बंदूक घेऊन माझ्या आईच्या घराकडे चाललाय. तुझे भिकाजीभाऊ म्हणतात दोघांना सांभाळ. देव कसा सांभाळेल दोघांना? तूच सांग.”

मी गीताच्या पुस्तकात डोकं घातलं.

नंतर प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षारसाचं. आमच्याकडे पुढे जायचं ते कुटुंबाने मिळून, ही भिकाजीभाऊंची शिस्त. नेविल उठला. सेल्वी बसूनच राहिली. तो निरोशाला घेऊन एकटाच गुडघ्यांवर टेकला, तर भिकाजीभाऊ पाळकांच्या मागून मोठ्यांदा, “अरे, मिसेस कुठाय? मिसेसला बोलाव, हबीबी!”

नेविल भाकर न घेताच परत आला.

घरी आल्यावर सेल्वी म्हणाली, “मला भारतात, त्रिचीला मावशीकडे जायचंय. निरोशाला घेऊन.”

पण जाणार कशी? व्हिसा नेविलच्या नावावर, पासपोर्ट त्याच्या कंपनीच्या कपाटात. ‘मी नाही आणत’ एवढं त्याने म्हटलं असतं तरी खलास होतं. तो म्हणाला, “आणतो.” आणि खरंच आणले. जेवणाच्या डब्याशेजारी ठेवले आणि औद्योगिक क्षेत्रातल्या आपल्या गॅरेजवर निघून गेला. पुढच्या शुक्रवारचं तिकीट निघालं. सेल्वीने बॅग भरली. मला वाटलं, सुटली बाई एकदाची.

बुधवारी दुपारी फोन वाजला. फोन आमच्या खोलीत होता. पलीकडे एक म्हातारी “नेविल, नेविल” करत रडत होती. मी सेल्वीला हाक मारली. ती नेविलची आई. लग्न झाल्यापासून या बाईने सुनेचा आवाज ऐकला की फोन ठेवलेला.

आज ठेवला नाही. सेल्वी उभ्यानेच ऐकत राहिली. मधे मधे सिंहलीत एखादा शब्द बोलायची. फोन ठेवून ती तिथेच फरशीवर बसली.

“रोहन गेला.”

मी तिच्याजवळ बसले.

“अक्का, मी मागितलं होतं, माझी आई वाचू दे. रोज मागितलं. म्हणजे मी काय मागत होते?”

मंडळीत बायकांचा शास्त्राभ्यास मी घेते. वचनं तोंडपाठ आहेत. त्या दुपारी एक आठवेल तर शपथ.

“म्हातारी काय म्हणाली गं?” मी विचारलं.

“म्हणाली, नेविलला एकटं सोडू नकोस.” ती हसली, की तसंच काहीतरी केलं. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलली. आणि हे बोलली.”

“तिला तिकिटाचं माहीत आहे?”

“नाही. माहीत नसताना म्हणाली, म्हणून तर लागलं.”

तिन्हीसांजेला कंपनीची पिकअप खाली थांबली. सेल्वी आधीच जाऊन उभी होती. मी निरोशाला घेऊन बाल्कनीत. तिने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. नेविल मात्र डबा हातात घेऊन पार्किंगच्या कडेला मटकन बसला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

“डॅडी, व्हाय आर यू सिटिंग देअर?” निरोशा वरून ओरडली.

वर आल्यावर सेल्वीने माझ्याकडे मोठं पातेलं मागितलं.

“आता त्याचे लोक येतील. सगळे सिंहली. फौजेतल्या माणसासाठी रडायला येतील. चहा मला करायला हवा.”

“मी करते, तू बस.”

“नाही, मीच करते. तू नुसती माझ्याजवळ बस.” मग पातेल्यात बघत म्हणाली, “माझी आई जिवंत आहे का, कुणाला ठाऊक नाही. तिचं विचारायला कोण येणार?”

“मी आहे ना,” मी म्हटलं. फार कमी होतं ते, मलाही कळलं.

“तिकीट कॅन्सल करायला सुदेशभाईंना सांगशील?”

“नीट विचार कर, सेल्वी. पासपोर्ट हातात आहे तुझ्या.”

“म्हणूनच तर जाता येत नाही, अक्का. त्याने दिला नसता तर भांडून घेऊन गेले असते.”

माणसं आली. खोलीत मावेनात, जिन्यापर्यंत बसली. सेल्वीला बघून आधी सगळे एकमेकांकडे बघू लागले, मग कुणीतरी हुंदका दिला आणि सगळेच रडायला लागले. मी तिच्या बाजूला बसले होते. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ट्रे घेऊन ती एकेकासमोर वाकत होती आणि त्यांच्याच भाषेत, अगदी हळू, विचारत होती, साखर किती घालू.