कारकूनबाईंची एक चिठ्ठी

मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे गावसभेचा दिवस. शाळेच्याच जिममध्ये खुर्च्या मांडायच्या, सकाळभर रस्त्यांवरून आणि बर्फ हटवायच्या गाडीवरून भांडायचं, दुपारी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि जेवण झालं की शाळेची कामं उरकायची. कोरीन लग्न होऊन या डोंगरातल्या गावात आली, त्याच्या कितीतरी आधीपासून हे असंच चाललेलं. जेवण शाळेतल्या मुलांच्या आया करतात. मेपलच्या पाकात मंद आचेवर रात्रभर शिजवलेला घेवडा, डुकराचं खारवलेलं मांस, काळा पाव, सफरचंद भरून भाजलेले गोड 'पाय'. जेवणाच्या पैशांतून सहावीच्या मुलांची सहल निघते.

यंदा कोरीन घेवड्याच्या भांड्याबरोबर एक कागदही घेऊन आली होती. एप्रनच्या खिशात, चार घड्या घातलेला.

तिची ओडील सहा वर्षांची, पहिलीत. गावात कुजबुज होती की शाळा बंद करून मुलांना खालच्या खोऱ्यातल्या मोठ्या शाळेत पाठवणार. बसने जायला एक तास दहा मिनिटं, यायला तेवढीच. ओडीलला बसमध्ये मळमळतं. धाकटी जोझी अजून पाळण्यात, पण तिचाही नंबर लागणारच होता. शाळा-मंडळावर माणसं तीन. एक बंद करा म्हणणारा, एक नको म्हणणारी, आणि तिसरे ऑल्डन व्हीलॉक. त्यांना विचारलं की ते टोपी सारखी करत म्हणायचे, "बघू." त्यांची मुदत आज संपत होती.

म्हणून कोरीन आणि तिची मैत्रीण टेस यांनी ठरवलं होतं, टेसने उभं राहायचं. सभेतच उठून नाव सुचवता येतं. मतदानाआधी कोरीनने ऑल्डनना सगळ्यांसमोर सरळ विचारायचं: शाळा ठेवणार की नाही? तेवढा एकच प्रश्न त्या कागदावर होता. जोझीला पाजता पाजता तिने तो पाच वेळा लिहून पाचही वेळा खोडला होता.

जेवण उठलं. कोरीन स्वयंपाकघरातून बाहेर निघणार, तोच सासूबाईंची हाक आली. त्यांना पोरं मेमेर, म्हणजे आजी, म्हणत, म्हणून तीही मेमेरच म्हणायची.

"कोरीन, ते मोठं भांडं घे गं. तळाला लागलंय."

"मेमेर, मला बाहेर जायचंय. शाळेचं कलम येईल आता."

"अगं, लोकांच्या हातात अजून कॉफी आहे. दोन मिनिटं घास, मग जा खुशाल."

कोरीनने रबरी हातमोजे चढवले. टेस पायच्या थाळ्या पुसत होती. जोझी कोपऱ्यात कोटांच्या ढिगावर झोपली होती. वाढायच्या खिडकीची फळी अर्धी ओढलेली. तिच्या फटीतून सभाध्यक्ष हॉवर्डचा आवाज आला.

"कलम नववं. शाळा-मंडळावर एक सभासद, तीन वर्षांसाठी. नावं?"

"ऑल्डन व्हीलॉक."

"अनुमोदन."

"आणखी कुणी?"

कोरीनने मान वर करेपर्यंत दुसरा आवाज आला. "नावं बंद करावीत आणि कारकूनबाईंनी एक चिठ्ठी टाकावी, असं मी सुचवतो."

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. त्याच आवाजाने सकाळी विचारलं होतं, माझे लोकरीचे मोजे कुठे आहेत. आर्मां. तिचा नवरा.

"मंजूर? मंजूर. ऑल्डन निवडून आले."

टाळ्या. भांडं पाण्याने अर्धंही भरलं नव्हतं.

"झालं?" टेस म्हणाली. तिच्या हातातली थाळी हातातच राहिली. "निवडणूक झाली?"

"दर वेळी असंच असतं," मेमेर शांतपणे म्हणाल्या. "एकच नाव असलं की सगळ्यांच्या वतीने कारकूनबाई, आपली व्हर्ना, एक चिठ्ठी टाकते. वेळ वाचतो."

"आणि तुम्ही? तुम्ही आजवर कुणाला मत दिलंत?" कोरीनने विचारलं.

"मी इथे असते ना."

"मेमेर, तुमची चार मुलं या शाळेत शिकली!"

"शिकली. आणि बत्तीस वर्षं मी ही भांडी घासली." त्यांनी दुसऱ्या सिंकचा नळ सोडला. "बाहेरून कुणी बोलावलं नाही, आतून मी विचारलं नाही."

कोरीनला एकदम गार पाण्यात बुडवल्यासारखं झालं. दर वर्षी मुलांच्या आया इथे, या भिंतीच्या आड. आणि मुलांच्या शाळेचं सगळं त्याच वेळी त्या बाजूला. कुणी कट केला नव्हता. नुसती जेवणाची वेळ होती ती.

ती तशीच बाहेर धावली.

"थांबा! हॉवर्ड, पुढचं कलम वाचू नका!"

दीडशे माना वळल्या. कोपरापर्यंत पिवळे मोजे, त्यावरून फेस गळतोय.

"काय गं, घेवडा संपला का?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"मला कागदावर मतदान हवंय."

हॉवर्डने चष्मा काढला. माणूस सरळ होता. "पुढचं कलम वाचेपर्यंत सात मतदारांनी उभं राहून मागितलं, तर घ्यावं लागतं. नियम आहे. मग चिठ्ठीवर कुणाचंही नाव चालतं. वापरलेला मात्र मी पाहिलेला नाही."

टेस आली. तिच्या मागून स्वयंपाकघरातल्या आणखी तिघी. ग्रंथालयातली पोरगी उभी राहिली. सहा.

आर्मां खुर्चीत अवघडून बसला होता. "अगं, मी नेहमीचंच बोललो," तो दबक्या आवाजात म्हणाला. "दर वेळी कुणीतरी म्हणतंच की!"

"आज तू म्हणालास."

तो उठू की नको करत असतानाच स्वयंपाकघराचं दार वाजलं. मेमेर बाहेर आल्या होत्या. त्यांनी एप्रनची गाठ सोडली, एप्रन घडी करून काखेत धरला.

"सात," त्या म्हणाल्या. "मोज, हॉवर्ड."

कोरीनने टेसचं नाव सांगितलं. मग कागद काढला. तो भिजून लगदा झाला होता. तिने प्रश्न तसाच तोंडी विचारून टाकला. "मिस्टर व्हीलॉक, शाळा ठेवणार की नाही?"

ऑल्डन सावकाश उठले. "ते नोव्हेंबरातच ठरलंय, बाई. बंद करायची. दोन विरुद्ध एक. एप्रिलमध्ये मंडळाचं शेवटचं मत तेवढं राहिलंय."

कोरीन दोन पावलं पुढे आली.

"ठरलं? कुठे ठरलं?"

"बैठकीत. रीतसर सूचना लावली होती."

"कुठे लावली होती?"

"रस्त्यावरच्या बर्फावर टाकायच्या मिठाचं गोदाम आहे ना, त्याच्या दारावर. गावात एका जागी लावली की पुरते."

"आणि बैठकीला कोण कोण होतं?"

"आम्ही तिघं." ऑल्डनच्या आवाजात खोट नव्हती, उलट थोडं दुखावलेपणच होतं. "चोवीस मुलं उरलीत. छत गळतंय. मला काय हौस आहे? बैठकीला येऊन विचारलं असतंत तर सांगितलं असतं. कुणी आलंच नाही."

आर्मां हातातल्या टोपीकडे बघत होता. टोपीला काहीतरी चिकटलंय असं वाटावं इतका वेळ.

व्हर्नाने या जागेची लाकडी मतपेटी आणली. आधी ती रिकामी करून दाखवायची असते. किल्ली अडकली, मग फिरली. व्हर्नाने पेटी टेबलावर उलटी केली, तशा आतून चिठ्ठ्या पडल्या. आठ पिवळ्या पडलेल्या आणि एक पांढरीशुभ्र, आत्ताची. नऊही चिठ्ठ्यांवर एकाच हाताचं अक्षर, एकच नाव.

"ऑल्डन, ऑल्डन, ऑल्डन..." हॉवर्ड वाचत गेला आणि मध्येच थांबला. "व्हर्ना, तू खरंच टाकत होतीस?"

"टाक म्हणता, म्हणून टाकते," व्हर्ना म्हणाली. "न टाकता टाकली असं कसं लिहू?"

चोवीस वर्षं गावाच्या शाळेचा माणूस एका बाईच्या एका चिठ्ठीवर निवडून येत होता. आता ते टेबलावर सगळ्यांना दिसत होतं. कोरीनने न राहवून व्हर्नाला विचारलं, "आणि तुमच्या मनात कोण होतं?"

"ते कुणी विचारलं नाही गं बाळ."

मग रांग लागली. कोरीनच्या पुढे मेमेर. त्यांनी चिठ्ठी घेतली, पेन्सिल घेतली, कागद उलटसुलट करून पाहिला, आणि हळूच मागे वळल्या. "नाव कुठे लिहायचं असतं?"

अडुसष्ट वर्षांची बाई. कोरीनने बोटाने जागा दाखवली आणि तोंड फिरवलं. नंतर स्वतःच्या चिठ्ठीवर टेसचं नाव लिहिताना तिच्या लक्षात आलं की मोजे अजून हातातच आहेत.

मोजणीला वीस मिनिटं लागली. "ही एक भिजलीय," हॉवर्ड म्हणाला, "पण वाचता येतंय." शेवटी त्याने आकडे दोनदा तपासले. टेस चौऱ्याहत्तर. ऑल्डन एकाहत्तर.

लोक एकमेकांकडे बघत राहिले. टेस खाली बसली, जणू तिला कुणी ढकललं होतं. ऑल्डन येऊन तिच्याशी हात मिळवून गेले. तीन मतं. आर्मांचं त्यात होतं की नव्हतं, कोरीनने विचारलं नाही.

"अगं बाई!" मेमेर एकदम ओरडल्या. "नळ!"

स्वयंपाकघराच्या दाराखालून पाणी जिममध्ये येत होतं, फेसासकट, शांतपणे, पहिल्या रांगेच्या बुटांपर्यंत. बत्तीस वर्षांत मेमेर पहिल्यांदा नळ उघडा टाकून आल्या होत्या. आर्मां सगळ्यांत आधी उठून आत धावला. मेमेर जागच्या हलल्या नाहीत.

"आवरेल तो," त्या म्हणाल्या. "हॉवर्ड, पुढचं कलम वाच. मला ऐकायचंय."